भोरड्यांचा वेग

वस्ताद, आज सकाळी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी मी टेबलावर गोणपाट अंथरलं. कॉम्प्युटरला गोणपाट लागत नाही हे मला कळतं. त्यातून तेल गळत नाही, नट निसटून मातीत जात नाही. पण इंजिनाचं काम तुमच्या हाताखाली शिकलो, उघड्या टेबलावर काम मांडायला माझा हात धजत नाही, तो तुमच्यामुळं. डाव्या बाजूला चष्मा, मग वही, मग पेन्सिल, मग मुलीनं पुण्याहून पाठवलेलं कार्ट्रिज आणि अगदी उजवीकडं ती खेळाची डबी. मांडताना डावीकडून उजवीकडं, आवरताना उजवीकडून डावीकडं. तुम्ही असता तर दारातूनच बघितलं असतं आणि काही न बोलता तंबाखू मळायला बसला असता. तुमचं न बोलणं म्हणजेच शाबासकी होती हे कळायला मला त्या वेळी दोन वर्षं लागली.

डबी कसली ते सांगायला हवं, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं. तळहातावर मावेल एवढी, करड्या प्लास्टिकची. वरच्या भागात काडेपेटीएवढा पडदा, खाली डाव्या अंगठ्याला अधिकच्या चिन्हासारखं एक बटण आणि उजव्या अंगठ्याला दोन गोल बटणं. मुलगी शाळेत असताना तिच्या मामानं मुंबईहून आणली होती. दोन उन्हाळे तिनं ती हातातून खाली ठेवली नाही, मग ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात गेली. आता मुलगी चाळिशीला आली, पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामात आहे. आम्ही दोघं इथं सांगलीत, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर. मी गॅसचं बटण तीन वेळा बघून झोपतो आणि सकाळी उठून पुन्हा बघतो. माझा हा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. "इंजिन बंद केलं का रं, का अजून मनात चालूच हाय?" असं तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारायचा.

गेल्या दिवाळीनंतर हिला अर्धांगाचा झटका आला. ही म्हणजे माझी बायको. तुम्ही आमच्या लग्नात जेवायला होतात आणि जाताना माझ्या कानात म्हणाला होतात, "पोरगी तुज्यापेक्षा शानी हाय, जपून ऱ्हा गड्या." वाचा शाबूत राहिली, पाय महिन्याभरात आला, भिंतीला धरून चालू लागली. उजवा हात मात्र आला नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, अंगठा आणि बोटं हलती ठेवा, पहिले काही महिने महत्त्वाचे, नंतर हात तिथंच थांबतो. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. तो हिनं तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं गॅलरीतून खालच्या कुत्र्याला टाकला. म्हणाली, "त्याला तरी खेळू द्या की." डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, नुसतं दाबून माणूस कंटाळतं, त्यांना आवडेल असं काहीतरी हातात द्या.

तेव्हा मला कपाटातली डबी आठवली. सेलच्या जागी हिरवा गंज चढला होता, तो पॉलिश पेपरनं घासून काढला, नवे सेल घातले आणि डबी पहिल्या झटक्यात चालू झाली. बरीच वर्षं बंद पडलेलं इंजिन हँडल मारताच उठावं तसा मला आनंद झाला. पण तो आनंद अर्धा तासच टिकला. त्यातले खेळ पोरांचे, वेगाचे. हिचा अंगठा बटणापर्यंत पोचेपर्यंत पडद्यावरचा माणूस मरून गेलेला असायचा आणि हरल्याचं एक वाजंत्री वाजायचं. आठ-दहा वेळा ते वाजंत्री ऐकल्यावर हिनं डबी पालथी घातली. "एवढा संसार केला, कुणी मला हरलीस म्हनलं न्हाई. आता ही डबी सांगतीया व्हय?" असं म्हणाली आणि उजवा हात पदराखाली घेतला. त्या दिवसापासून डॉक्टरबाई आल्या तरी तो हात पदराबाहेर येईना. वस्ताद, मी लहानसहान गोष्टीला घाबरतो हे खरं, पण ही भीती तसली नव्हती. पहिले काही महिने महत्त्वाचे, असं बाईंनी सांगितलं होतं, आणि ते महिने त्या पदराखाली चालले होते.

रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला म्हणालो, ह्या डबीत हळू चालणारा खेळ कुठं मिळत नाही का? ती म्हणाली, "अण्णा, विकत नाही मिळत. पण जगात कितीतरी लोक या जुन्या डब्यांसाठी नवे खेळ घरी बनवतात, हौसेनं. त्याची हत्यारं फुकट मिळतात. मी करून दिला असता, पण मे महिन्याशिवाय मला सुट्टी नाही." मे महिना मला फार लांब वाटला. मी म्हणालो, मग मीच करतो. मग ती म्हणाली, "अण्णा, तुम्हाला ईमेल उघडायला भीती वाटते." मी म्हणालो, भीती वाटते, पण उघडतो की नाही? तेव्हा ती म्हणाली की खेळ लिहिणं नंतरचं, आधी सगळी हत्यारं कॉम्प्युटरात नीट बसवून घ्यावी लागतात, आणि निम्मी माणसं तिथंच कंटाळून सोडून देतात.

हे ऐकून मला हसू आलं. कारण सातवी झाल्यावर शाळा सोडून मी तुमच्या मलकापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलो, तेव्हा तीन महिने तुम्ही माझ्या हातात पाना दिला नव्हता. मी फक्त गोणपाट झटकायचं, अंथरायचं, तुमच्या कॅनव्हासच्या गुंडाळीतून एकेक हत्यार काढून ओळीनं ठेवायचं आणि काम झालं की पुसून ज्याच्या त्याच्या खिशात घालायचं. त्या गुंडाळीला तुम्ही स्वतः शिवलेले बावीस खिसे होते, प्रत्येक पान्याचा वेगळा, डिसमिसचा वेगळा, पकडीचा वेगळा. एखादा खिसा रिकामा राहिला की तुम्हाला गुंडाळी हातात घेतल्याबरोबर वजनावरून कळायचं. मला तेव्हा त्याचा राग यायचा. सातवी पास पोरगा, त्यानं गोणपाट झटकत बसायचं? मी एकदा तसं बोललो. तुम्ही म्हणालात, "मी कोयनानगरला धरनाच्या कामावर शिकलोय. तितं उतारावर इंजिन उघडलं आन् नट सुटला की त्यो सरळ खाली नदीत. परत न्हाई. हात चालायच्या आदी डोळा फिराय पायजे. कुठली वस्तू कुठं हाय ते इचारायची पाळी आली, की तू मिस्त्री न्हवंस, पावना हायस."

तर मी पावणा होऊन कॉम्प्युटरसमोर बसलो. मुलीनं फोनवर सांगितलं ते वहीत लिहून घेतलं. मला इंग्रजी अक्षरं येतात, इंजिनाच्या सगळ्या पार्टची नावं येतात, बाकीचं फोनवर एकेक शब्द घालून मराठीत करून घेतो. हत्यारांचं मोठं गाठोडं इंटरनेटवरून उतरवून घेतलं आणि सोडलं. त्यात मुख्य हत्यार आहे ते आपण लिहिलेलं वाचून डबीला कळेल अशा भाषेत करून देणारं, त्याला कंपायलर म्हणतात. दुसरं म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरच चालणारी एक नकली डबी, म्हणजे खऱ्या डबीत घालण्याआधी खेळ तिच्यात चालवून बघता येतो. हे मला पटलं. आपणही इंजिन पाइपलाइनला जोडायच्या आधी मोकळं चालवून बघायचो. सगळं उतरवून झालं आणि मी कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत कंपायलरचं नाव टाइप केलं. उत्तर आलं, असं काही मला माहीत नाही. पुन्हा टाइप केलं, पुन्हा तेच. आत्ताच तर घरात आणून ठेवलंय आणि हा म्हणतो माहीत नाही. मला वाटलं माझ्याकडून काहीतरी मोडलं. मी खाली जाऊन विजेचं मीटरसुद्धा बघून आलो, त्याचा काय संबंध होता देव जाणे.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मी चिडून माळ्यावरची तुमची गुंडाळी खाली काढली. का काढली ते सांगता येणार नाही, हातात काहीतरी ओळखीचं हवं होतं. ती उलगडली आणि खिशांकडं बघताना एकदम लक्षात आलं. हत्यार घरात आहे, पण कॉम्प्युटरला कुठल्या खिशात हात घालायचा ते कुणी सांगितलेलं नाही. नवीन पोरगा शेडमध्ये आल्यावर त्याला पाना आण म्हटलं तर तो बिचारा उभाच राहणार. वहीत मुलीनं सांगितलेला एक शब्द होता, पाथ. त्यापुढं मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. पाथ म्हणजे खिशाचा पत्ता. सेटिंगमध्ये एक यादी असते, त्यात हा पत्ता एकदा लिहायचा, काळी खिडकी बंद करून पुन्हा उघडायची, एवढंच. तसं केलं आणि परत नाव टाइप केलं. या वेळी कंपायलरनं स्वतःचं नाव आणि नंबर सांगितला, हजेरीला उठून उभं राहावं तसा. मी पण उठून उभा राहिलो. पलंगावरून हिनं विचारलं, "काय झालं वो? साप निघाला व्हय?" मी म्हणालो, साप नव्हं, वळख पटली. तिनं मान फिरवली. हात पदराखालीच होता.

त्यानंतर जे झालं ते ऐकून तुम्ही मला वेडा म्हणाल. आपल्याकडं नवी वही उघडली की पहिल्या पानावर मधोमध श्री लिहायचं, मग पुढचं. माझ्या वडलांनी लिहिलं, मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या प्रत्येक वहीवर लिहिलं. खेळाचं काम नवीन, म्हणून मी कॉम्प्युटरात नवीन फोल्डर केलं आणि त्याचं नाव ठेवलं श्री. त्यात मुलीनं पाठवलेला नमुन्याचा छोटा प्रोग्राम ठेवला आणि कंपायलरला सांगितलं, कर. तो म्हणाला, फाइल सापडत नाही. फाइल माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि तो म्हणतो सापडत नाही. मी पाथ चार वेळा तपासला. गाठोडं पुन्हा उतरवलं. हे चार दिवस चाललं. रविवारी मुलीला सगळं वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "फोल्डरचं नाव काय ठेवलंय अण्णा?" मी सांगितलं. ती इतकी हसली की फोन बाजूला ठेवून हसली. मग म्हणाली, "हे हत्यार जुन्या वळणाचं आहे. त्याला फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरातच लागतं. श्री काढा आणि दुसरं काहीतरी ठेवा, लगेच चालेल."

तिला लगेच म्हणायला काय जातं. मी माउस त्या नावावर नेला आणि माझं बोट दाबायला तयार होईना. घरात माणूस आजारी आहे आणि मी श्री पुसायला बसलोय, हेच डोक्यात फिरायला लागलं. आज पुसलं आणि उद्या काही झालं तर? मी कॉम्प्युटर बंद केला आणि दोन दिवस त्या टेबलाकडं गेलो नाही. तिसऱ्या दिवशी हिनंच विचारलं, "दोन दिस झालं, त्या डबड्याला हात लावला न्हाईसा. काय बिनसलं?" मी सांगावं की नाही ते कळेना, शेवटी सांगितलं. ती पलंगावर उठून बसली. मग म्हणाली, "आवं, देव काय पिशवीत कोंडायचा अस्तो व्हय? त्याला वाचता येत न्हाई तर त्याच्या म्होरं कशाला ठिवता? दुसरीकडं कुठं बसवा की. आन् मला काय व्हायचं त्ये होऊन गेलंय, आता देव आनि काय करनार हाय?" हात पदराखाली गेल्यापासून ती पहिल्यांदाच असं तोडून बोलली होती, मला फार बरं वाटलं.

दुसरी जागा होती. प्रोग्राममध्ये दोन तिरप्या रेघा ओढल्या की त्यांच्यापुढं काहीही लिहावं, मशीन ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढं जातं. ती ओळ फक्त माणसांसाठी असते. मी फोल्डरला इंग्रजीत साधं नाव दिलं आणि प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत दोन रेघा ओढून श्री लिहिलं. मग तुमची आठवण झाली. तुम्ही श्री म्हणायचा नाहीत. तुम्ही बंद इंजिनावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "चल बाबा." म्हणून दुसऱ्या ओळीत पुन्हा दोन रेघा ओढून तेही लिहिलं. कंपायलरला सांगितलं, कर. त्यानं काही न बोलता केलं. नकली डबीच्या पडद्यावर एक काळा ठिपका आला, बाणाचं बटण दाबलं की इकडं, दुसरं दाबलं की तिकडं. वस्ताद, मी तो ठिपका दहा मिनिटं नुसता इकडून तिकडं फिरवत बसलो होतो.

आता खेळ कसला करायचा? मी हिला विचारलं, लहानपणी तू काय खेळायचीस? ती म्हणाली, "खेळायला कोन देत होतं? राखन करायची." तिचं माहेर तासगावच्या बाजूला, माळरानाची ज्वारी. कणीस दुधावर आलं की भोरड्यांचे थवे उतरायचे, आणि ही दिवसभर शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. मी म्हणालो, मग तेच करू. खाली पाच कणसं, वरून भोरड्या येणार, डाव्या अंगठ्यानं माळा सरकवायचा आणि उजव्यानं बटण दाबलं की गोफणीतून खडा सुटणार. तिनं भिंतीकडं तोंड केलं. पण मी वहीत आठ घरं आडवी आणि आठ उभी आखून एकेक घर काळं करत पाखरू काढत होतो, ते तिनं लांबून पाहिलं आणि तिला राहवलं नाही. "ह्ये पाखरू न्हवं. ह्यो उंदीर हाय."

"आठच घरं मिळत्यात. त्यात एवढंच बसतंय."

"आन् भोरडी गुलाबी असती. ही काळी कशी?"

"हितं गुलाबी न्हाई. चार रंग हायत, त्ये बी समदे करडे."

"मग कसली वो ती भोरडी! आना इकडं." तिनं डाव्या हातात पेन्सिल घेतली, डोकं गडद केलं, पोट फिकं ठेवलं, चोचीला एक घर दिलं आणि शेपटीची दोन खोडून टाकली. उंदराची भोरडी झाली. वही घसरायला लागली तेव्हा तिनं ती धरायला उजवा हात पदरातून बाहेर काढला आणि वहीवर ठेवला. तिला ते कळलंसुद्धा नाही. मी दुसरीकडं बघायला लागलो.

पुढचे तीन आठवडे मी नुसत्या चुका काढल्या. एक स्वल्पविरामासारखं टिंब राहिलं तरी कंपायलर अडतो, आणि अडतो एका ओळीत, चूक असते दुसरीत. मी पेन्सिलचं टोक ठेवून ओळन् ओळ वाचायचो. वाचताना मला नदीकाठचा तो दिवस आठवायचा. तुम्हीही तो विसरला नसाल. उसाला पाणी देणारं इंजिन, तुम्ही बांधावर मालकाशी बोलत होतात, आणि मला दाखवायचं होतं की मला येतं. मी गोणपाट न अंथरताच हेड उघडलं आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबली. स्प्रिंगला जागेवर धरणारी कॉटर, नखाएवढा लोखंडाचा तुकडा, टणकन उडाली आणि खालच्या वाळूत गेली. तुम्ही आलात, बघितलं, हात उगारला नाहीत. फक्त म्हणालात, "घाई कुनाला हुती रं? इंजिनाला का तुला?" मालकाच्या घरून चाळण मागवलीत, हातभर काठी घेऊन इंजिनाभोवती रिंगण आखलंत आणि म्हणालात, ह्यातली वाळू चाळ. मी चाळत बसलो. ऊन चढलं. पलीकडं ऊस पाण्याला ताणला होता, मालक फेऱ्या मारत होता, आणि मी रडत चाळत होतो. तुम्ही "तंबाखू संपली" म्हणून सायकलवर मलकापूरला गेलात. परत आलात, जरा वेळ माझ्या शेजारी उकिडवे बसलात, एक ओंजळ वाळू उचलून चाळणीत टाकलीत आणि बांधाकडं निघून गेलात. तीच वाळू हलवताना कॉटर चाळणीत वाजली. मी सापडली सापडली म्हणून ओरडत तुमच्याकडं धावलो. तुम्ही म्हणालात, "बघ, सापडतंय. बसून ऱ्हायला पायजे." दिवस मावळायच्या आत पाणी सुरू झालं. त्यानंतर पुढं सगळं आयुष्य, इंजिनं जाऊन विजेच्या मोटारी आल्या तरी, मी तेवढ्या एका वाक्यावर काम केलं. बसून राहिलं की सापडतं.

खेळ तसाच सापडला. नकली डबीत चालला, मग मी तो मेमरी कार्डावर घेतला, कार्ड कार्ट्रिजमध्ये, म्हणजे डबीच्या पाठीत खोचायच्या चपट्या खोक्यात घातलं, कार्ट्रिज खऱ्या डबीत. पडद्यावर पाच कणसं उभी राहिली. हिच्या हातात डबी देऊन मी खुर्ची तिच्या पलंगाशी ओढली. भोरड्या उतरल्या. तिनं बटणाकडं अंगठा न्यायला सुरुवात केली, आणि अंगठा पोचायच्या आत पाची कणसं रिकामी. हरल्याचं वाजंत्री मी ठेवलंच नव्हतं, पण पडदा मोकळा पडतो त्यालाही काय कमी आवाज असतो? तिनं तीनदा खेळून बघितलं. डबी पालथी घातली नाही, पण मांडीवर ठेवली, आणि मी तिच्या पदराकडंच बघत होतो.

प्रोग्राममध्ये एका ओळीत एक आकडा आहे. तो वाढवला की प्रत्येक उडीनंतर भोरड्या तेवढा वेळ जास्त थांबतात. तिथं वीस होता. मी सेल बघतो म्हणून डबी घेतली, टेबलाशी गेलो, वीसचे साठ केले आणि परत आणून दिली. म्हणालो, सेल ढिले होते. या वेळी पहिल्या भोरडीला खडा लागला. तिच्या तोंडून एकदम "हाऽऽ" असा आवाज निघाला, शेतात काढतात तसा, आणि शेजारच्या गॅलरीतली बाई वाकून बघायला लागली. त्या दिवशी तिनं तीन कणसं वाचवली. दुसऱ्या दिवशी पाची. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आवं, ह्या भोरड्या पोटुशी हायत का काय? उडंना झाल्यात."

"त्याच हायत की."

"व्हय का?" एवढंच म्हणून तिनं पुढचा डाव लावला.

मग मी दर दोन-तीन दिवसांनी सकाळी ती आंघोळीला गेली की आकडा थोडा कमी करायला लागलो. साठचे पंचावन्न, पंचावन्नचे पन्नास. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज हरेल, आज हात पुन्हा पदरात जाईल, आणि मी स्वयंपाकघरात उभा राहून "हाऽऽ" ऐकू येतंय का त्याकडं कान लावायचो. डॉक्टरबाईंनी अंगठा वाकवून बघितला आणि काय करता हो तुम्ही, असं विचारलं. ही म्हणाली, "राखन." परवा तिनं उजव्या हातानं फोडणीत मोहरी टाकली. निम्मी ओट्यावर सांडली. मी पुसायला धावलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. निम्मी गेलीय की तेलात."

आज सकाळी गोणपाट अंथरलं ते त्यासाठी. मी त्या ओळीत पुन्हा पहिला आकडा घातला, वीस. तिला काही सांगितलं नाही. ती खेळायला बसली, मी नेहमीसारखा आत. बराच वेळ आवाज नाही. मग हाऽऽ. मग काही नाही. मग पुन्हा. बाहेर येऊन बघितलं तर दोन कणसं गेली होती, तीन उभी होती, तिच्या कपाळावर घाम होता आणि डबी दोन्ही हातांत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता कशा खऱ्या भोरड्या आल्या! इतकं दिस आजारी हुत्या बिचाऱ्या." म्हणजे तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, बहुतेक सेल ढिले होते म्हणालो तेव्हापासूनच. आणि तरी ती त्या आजारी भोरड्यांवर रोज मन लावून खडे टाकत राहिली, माझ्यासाठी ओरडत राहिली.

म्हणून वही पुढं ओढून हे लिहायला घेतलं. ती तिकडं दुसरा डाव लावतेय, आवाज येतोय. हे कुठं टाकायचं नाही, तुमच्या गुंडाळीत फट मोजायच्या फिलर गेजचा खिसा अनेक वर्षं रिकामा आहे, त्यात घडी करून ठेवीन. गुंडाळी तुम्ही मला शेवटच्या आजारात दिलीत, तेव्हा मी नुसता मान खाली घालून उभा होतो. त्या वेळी बोलायचं होतं ते एवढंच. त्या दिवशी चाळणीत वाजलेल्या कॉटरला वाळू चिकटली होती, पण वाळूच्या खाली काळं तेल नव्हतं. मलकापूरच्या दुकानात नव्या मालाला लावतात ते पिवळं ग्रीस होतं. मी ते अंगठ्यानं पुसलं, शर्टाला हात पुसला, आणि मगच सापडली म्हणून ओरडलो.